यंत्राचा पहारा आणि माणसाची भाषा

सुरतेच्या पूर्वेस, महामार्गावर कडोदरा हे गाव आहे. तेथील व आसपासच्या गिरण्यांत कृत्रिम धाग्याचे कापड रंगविले व छापले जाते. खानदेशातून आलेले मराठी कामगारही या कामावर आहेत. पॉलिएस्टर रंगविताना बंद पात्रातील पाणी दाबाखाली सुमारे १३० अंश सेल्सियसपर्यंत तापवावे लागते. उष्णता बेताने चढली नाही, तर रंग एकसारखा बसत नाही. दाब अनावर झाला, तर प्रसंग जिवावर बेततो.

या पात्रांवर नजर ठेवण्याचे काम आता संगणकातील आज्ञावलीकडे सोपविता येते. तिला ‘एजंट’ म्हणतात. आपण ‘प्रहरी’ म्हणू. जुनी धोक्याची घंटा ठरलेला एक आकडा ओलांडला की वाजे. प्रहरी उष्णता, दाब व पाण्याची पातळी यांच्या नोंदी एकत्र पाहतो, त्या किती वेगाने बदलत आहेत हे ताडतो आणि कोणास कळवावे तेही ठरवितो. पाळीवरील मुकादमाने ठरल्या वेळेत पोच दिली नाही, तर तो अभियंत्यास कळवितो.

परंतु पुष्कळ इशारे देणारा प्रहरी चांगलाच असतो, असे नव्हे. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधील मिलफर्ड हेवन येथे एका तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. त्यापूर्वीच्या सुमारे अकरा मिनिटांत दोन नियंत्रकांपुढे २७५ इशारे येऊन आदळले होते. त्यांतला महत्त्वाचा कोणता, हे निवडणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून इशारे मोजकेच हवेत आणि ते वाचताक्षणीच कळले पाहिजेत.

येथे आपला, म्हणजे भाषेच्या अभ्यासकांचा, संबंध येतो. इंग्रजी आद्याक्षरांचा इशारा रात्रपाळीच्या कामगारास काय सांगणार? ‘पात्र ३. दाब वाढतो आहे. वाफेचा व्हॉल्व्ह बंद करा.’ एवढे मराठीत दिसले, तर कोठे, काय आणि कोणता उपाय, हे तिन्ही त्यास उमगते. आमच्या परिभाषेत ‘झडप’ हा शब्द आहे व तो चांगला आहे; पण कामगाराच्या तोंडी ‘व्हॉल्व्ह’ असेल, तर इशाऱ्यातही तोच असावा. संकटकाळी शब्दाचा अर्थ शोधण्यास अवकाश नसतो.

शाळेत आपण सारांशलेखन शिकवितो ते बहुधा परीक्षेतील गुणांसाठी. अशा तीन वाक्यांचा इशारा लिहिण्याचा अभ्यासही वर्गात करून घ्यावा. आपल्या विद्यार्थ्यांपैकी काहीजण उद्या त्याच पात्रांपाशी उभे राहणार आहेत.