बिल्ला एक, इंजिन दुसरे

रत्नागिरी जिल्ह्यातल्या जयगडला जेएसडब्ल्यू समूहाचे बंदर आहे आणि त्याच परिसरात १,२०० मेगावॉटचा वीजप्रकल्प आहे. याच समूहाने २०२४ मध्ये एमजी मोटर इंडियात ३५ टक्के हिस्सा घेतला. अष्टकोनात ‘एम’ आणि ‘जी’ ही अक्षरे बसवलेला, इंग्लंडातल्या ऑक्सफर्ड शहरात जन्मलेला बिल्ला असा जयगडच्या मालकांच्या घरापर्यंत आला. जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारवर जीव टाकणाऱ्यांचा आक्षेप येथूनच सुरू होतो. ॲबिंग्डनचा एमजीचा कारखाना १९८० मध्ये बंद पडला, एमजी रोव्हर २००५ मध्ये बुडाली आणि नाव चिनी कंपन्यांकडे गेले. मग आज त्या बिल्ल्याखाली जे विकले जाते त्याचा मूळ गाडीशी संबंध काय? प्रश्न रास्त आहे, पण त्यात एक गृहीत दडलेले आहे. पूर्वी बिल्ला आणि इंजिन एकाच घरचे असत, हे ते गृहीत. बॉनेट उघडून पाहिले की ते टिकत नाही. त्या गाड्यांची थोरवी साध्या, बहुतेकदा उसन्या इंजिनातून असामान्य गाडी घडवण्यात होती. हे एकदा मान्य केले की आपल्या ॲम्बॅसिडरलाही त्या इतिहासात जागा द्यावी लागते.

सुरुवात एमजीपासूनच करू. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, विल्यम मॉरिस यांचा ऑक्सफर्डमधला विक्री-दुरुस्तीचा व्यवसाय. त्याचे व्यवस्थापक सेसिल किम्बर यांनी १९२० च्या दशकात मॉरिसच्याच रोजच्या वापरातल्या गाड्या घेऊन त्यांना हलक्या, देखण्या आणि वेगवान केले. एमजीचा जन्मच दुसऱ्याच्या सांगाड्यावर आणि दुसऱ्याच्या इंजिनावर झाला. पुढे १९५२ मध्ये मॉरिसचा समूह आणि त्याची जुनी प्रतिस्पर्धी ऑस्टिन यांचे विलीनीकरण होऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन स्थापन झाली. १९५५ मध्ये एमजीए ही डौलदार दोन आसनी गाडी आली, तेव्हा तिच्या बॉनेटखाली ऑस्टिनच्या परंपरेतले १,४८९ सीसीचे बी-सिरीज इंजिन होते. हेच १,४८९ सीसीचे इंजिन मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यातून घडलेल्या हिंदुस्थान मोटर्सच्या ॲम्बॅसिडरमध्ये आले आणि त्याने भारतातल्या रस्त्यांवर काही दशके काढली. घाट चढणारी, सरकारी कचेरीच्या आवारात उभी राहणारी, लग्नाच्या वऱ्हाडाला धावणारी ॲम्बॅसिडर आणि इंग्लंडातली एमजीए यांचे इंजिन असे एकाच घराण्यातले आहे. फरक मशागतीत होता. एमजीएच्या इंजिनावर दोन एसयू कार्ब्युरेटर होते, त्यातून सुमारे ७० अश्वशक्ती मिळे आणि ओढायची गाडी बरीच हलकी होती. ॲम्बॅसिडरच्या इंजिनावर एकच कार्ब्युरेटर होता, कारण तिला वेगापेक्षा भार, खड्डे आणि सुमार दर्जाचे पेट्रोल सोसायचे होते.

याहून बोलके उदाहरण ट्रायम्फचे आहे. कॉव्हेन्ट्रीच्या स्टँडर्ड कंपनीने महायुद्धानंतर व्हॅनगार्ड मोटारीसाठी एक दणकट चार सिलिंडरचे इंजिन बनवले आणि त्याच घराण्यातले इंजिन शेतावरच्या फर्ग्युसन ट्रॅक्टरलाही दिले. या इंजिनात सिलिंडरचे लायनर काढता-घालता येत. व्हॅनगार्डचे लायनर ८५ मिलिमीटर व्यासाचे होते आणि इंजिन २,०८८ सीसीचे. ८३ मिलिमीटरचे लायनर बसवताच ते १,९९१ सीसीचे झाले, म्हणजे शर्यतींतल्या दोन लिटरच्या गटात चपखल बसले. स्टँडर्डच्याच मालकीच्या ट्रायम्फने १९५३ मध्ये आणलेल्या टीआर२ ची ताकद ती हीच. भारतात या कथेला आणखी एक अध्याय जोडला गेला. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्‌सने १९८५ मध्ये रोव्हर एसडी१ ची आधुनिक बॉडी घेऊन ‘स्टँडर्ड २०००’ ही महागडी मोटार काढली आणि तिच्यात व्हॅनगार्डच्या परंपरेतले १,९९१ सीसीचे जुने इंजिन बसवले. गाडी चालली नाही, कारण जड आणि आलिशान मोटारीला ते इंजिन पुरे पडत नव्हते. ज्या घराण्याच्या इंजिनाने हलक्या टीआर२ ला कीर्ती मिळवून दिली, त्याच घराण्याचे इंजिन चुकीच्या गाडीत अपुरे ठरले. याच कंपनीची आपल्याकडे लोकप्रिय झालेली स्टँडर्ड हेरल्ड ही ट्रायम्फ स्पिटफायर या स्पोर्ट्‌स कारची थेट नातलग होती. हेरल्डची चासी आखूड करून स्पिटफायर उभी राहिली, इंजिने एकाच कुळातली आणि दोन्हींचे रेखाटन जोव्हान्नी मिकेलोत्ती या इटालियन कलावंताचे.

बाकीची मोठी नावे पाहिली तरी हेच दिसते. लोटसच्या बिल्ल्यावर संस्थापक अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन यांची आद्याक्षरे गुंफलेली आहेत, पण पहिल्या लोटस एलिटचे इंजिन कॉव्हेन्ट्री क्लायमॅक्सचे होते आणि त्याचे मूळ आगीच्या बंबासाठी बनवलेल्या हलक्या इंजिनात होते. एसी कंपनीच्या एस गाडीत ब्रिस्टॉलचे जे इंजिन बसे, ते जर्मनीच्या बीएमडब्ल्यूच्या आराखड्यावरून उतरले होते. तिच्याच बॉडीत १९६२ मध्ये अमेरिकन फोर्डचे व्ही८ घातल्यावर प्रसिद्ध कोब्रा जन्मली. मॉर्गनच्या १९६८ च्या प्लस ८ मधले रोव्हर व्ही८ मूळचे अमेरिकन ब्यूकचे. यामागचे कारण हिशोबाचे आहे. इंजिनाचा ब्लॉक ओतण्याचे साचे आणि तो कातण्याची यंत्रे यांना प्रचंड भांडवल लागते, ते लाखो गाड्या विकूनच वसूल होते. वर्षाला काही शे किंवा काही हजार गाड्या विकणाऱ्याने इंजिन विकत घ्यावे आणि आपली बुद्धी हेड, कॅमशाफ्ट, कार्ब्युरेटर, चासी आणि वजन यांवर खर्च करावी, हेच शहाणपणाचे होते.

यावर पहिला आक्षेप जग्वारचा येईल. जग्वारने आपले एक्सके इंजिन स्वतः घडवले, १९४८ मध्ये एक्सके१२० मध्ये ते जगाला दाखवले आणि १९५१ ते १९५७ या काळात ल माँची २४ तासांची शर्यत पाच वेळा जिंकली. हे खरे आहे आणि गौरवाचेही. पण ते इंजिन मुळात मोठ्या कुटुंबवत्सल सलूनसाठी आखले होते. ती तयार होईपर्यंत इंजिन लोकांपुढे यावे म्हणून स्पोर्ट्‌स कार आधी आली. पुढे त्याच परंपरेतले इंजिन ब्रिटिश लष्कराच्या स्कॉर्पियन या हलक्या रणगाड्यातही बसले. म्हणजे इंजिन घरचे असले, तरी ‘स्पोर्ट्‌स कारचे इंजिन’ ही निराळी जात तेथेही नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. इंजिन कुणाचेही चालत असेल, तर बिल्ला ही निव्वळ फसवणूक ठरत नाही का? रत्नागिरीच्या वाचकाला हा प्रश्न हापूसवरून लगेच समजेल. हापूसचे कलम रायवळ आंब्याच्या रोपावर बांधतात. मूळ रायवळचे म्हणून त्या फळाला कुणी खोटे म्हणत नाही. पण दुसऱ्या प्रांतातला आंबा रत्नागिरी हापूसच्या पेटीत भरला, तर ती लबाडी ठरते. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते याचसाठी. मोटारीचा बिल्ला मातीची हमी कधीच देत नव्हता. तो हमी देत होता घडवणाऱ्याच्या कामाची: वळणावर गाडी कशी बसते, हातात स्टिअरिंग कसे बोलते, इंजिनातून किती आणि कशी ताकद काढली आहे. ही हमी पोकळ झाल्याची उदाहरणेही त्याच इंग्लंडात आहेत. १९६१ ची एमजी मिजेट म्हणजे जाळी, पट्ट्या आणि बिल्ला यांखेरीज जवळजवळ ऑस्टिन-हिली स्प्राइटच होती. १९५० च्या दशकाच्या अखेरीस एकाच साच्यातली सलून ऑस्टिन, मॉरिस, एमजी, रायली आणि वूल्झली अशा पाच नावांनी विकली गेली. बिल्ल्याची किंमत घटवण्याचा हा उद्योग ब्रिटिश मालकांच्या हातून झाला. त्यामुळे आजच्या परक्या मालकीला सारा दोष देणे इतिहासाला धरून नाही.

मग आज नावाचा खरेपणा कशावर जोखायचा? टाटा मोटर्सने २००८ मध्ये फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर २३० कोटी डॉलरना विकत घेतल्या. २०१९ मध्ये बाजारात आलेली, पुण्यात बनणारी टाटा हॅरिअर लँड रोव्हरच्या चौकटीवरून घडली आहे आणि तिच्या डिझेल इंजिनाचे कूळ इटलीच्या फियाटचे आहे. ट्रायम्फ हे मोटारींचे नाव आज बीएमडब्ल्यूकडे आहे, तर ट्रायम्फ मोटरसायकलची स्पीड ४०० पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होते. एमजीच्या सायबरस्टर या दोन आसनी गाडीत तर इंजिनच नाही, ती विजेवर धावते. इंजिनाच्या कुळावर खरेपणा ठरत असेल तर यांतले काहीच खरे ठरणार नाही, आणि मग टीआर२ किंवा एमजीएही खरी ठरणार नाही. कसोटी किम्बर यांच्या कामातच सापडते: मिळालेल्या सामग्रीवर मेहनत घेऊन काही वेगळे घडवले आहे का, आणि सामग्री कुठली हे लपवलेले नाही ना? ही कसोटी नव्या गाड्यांना जरूर लावावी. तीच लावून आपल्याकडच्या जुन्या गाड्यांकडेही पाहावे. हेरल्ड, ‘स्टँडर्ड २०००’ आणि उत्पादन २०१४ मध्ये थांबलेली ॲम्बॅसिडर यांना आपण भंगाराच्या भावाने काढत आलो. त्यांच्या बॉनेटखालची बी-सिरीज आणि स्टँडर्डची इंजिने जगाच्या मोटार-इतिहासाचा भाग आहेत आणि ती उघडून, समजून, चालू ठेवणारे मिस्त्री त्या इतिहासाचे जाणकार आहेत. मूळ इंजिन काढून नवे बसवण्याआधी त्याच्यावरचा क्रमांक वाचावा, त्याची नोंद ठेवावी आणि शक्य असेल तेथे ते जपावे. परदेशी संग्राहक एमजीएच्या ज्या इंजिनासाठी मोठी किंमत मोजतात, त्याचे सख्खे भावंड आपल्या गावातल्या गॅरेजमागे गंजू देणे हे आपले नुकसान आहे.