श्वेतपेशींची पहिली पकड

बोटात काटा रुतला की पू होतो. हा पू म्हणजे बहुतांशी तेथे धावून आलेल्या श्वेतपेशींचा खच होय. परंतु वेगाने वाहणाऱ्या रक्तातून या पेशी नेमक्या त्याच जागी थांबतात कशा? दाह झालेल्या ठिकाणी रक्तवाहिनीच्या अस्तरावर सिलेक्टिन नावाची प्रथिने प्रकट होतात. श्वेतपेशीवरील फ्यूकोजयुक्त शर्करा त्यांत क्षणभर अडकते, सुटते, पुन्हा अडकते; पेशी गडगडत मंदावते. मग अस्तराकडून रासायनिक संकेत मिळताच इंटिग्रिन प्रथिने तिला घट्ट चिकटवितात व ती फटीतून ऊतींत शिरते.

या पहिल्या पकडीवाचून मनुष्याचे काय होते, हे १९९२ साली इस्रायलमधील दोन मुलांच्या आजारावरून स्पष्ट झाले. त्यांच्या रक्तात श्वेतपेशी विपुल होत्या. तरी जंतुसंसर्ग वारंवार होई आणि पू मात्र होत नसे. त्यांच्या शरीरात फ्यूकोजची जोडणीच होत नव्हती. नवल असे की, डॉ. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ साली मुंबईत वर्णिलेला दुर्मिळ ‘बॉम्बे’ रक्तगट या मुलांत आढळला. कारण त्या गटात नसणाऱ्या ‘एच’ द्रव्याच्या घडणीसही फ्यूकोजच लागते. अर्थात एरवीच्या बॉम्बे गटाच्या व्यक्तींनी धास्तावू नये. त्यांच्यात ‘एच’पुरतीच उणीव असते, श्वेतपेशींची पकड शाबूत असते.