हातातला खेळ तापतो तेव्हा

जुने व्हिडिओ गेम खेळण्यासाठी घरीच हातात मावेल असे यंत्र बनवता येते. रास्पबेरी पाय हा ब्रिटनमध्ये २०१२ साली निघालेला, पत्त्याच्या पानाएवढा संगणक त्यासाठी वापरतात. त्याला पडदा, बटणे व लिथियम बॅटरी जोडली की काम झाले! पण थोड्या वेळाने डबा तापतो, खेळ अडखळतो. साठवलेले पैसे वाया गेले असे वाटून मूल हिरमुसते. पालकहो, यंत्र बिघडलेले नसते. २०१९ साली आलेल्या रास्पबेरी पाय ४ चा प्रोसेसर ८० अंश सेल्सिअसला पोचला, की स्वतःला वाचवण्यासाठी आपणच वेग कमी करतो.

यावर उपाय एकच, उष्णतेला वाट देणे. प्रोसेसरवर अॅल्युमिनियमचा हीट सिंक बसवावा. त्याचा धातू शेजारच्या तारांना मात्र टेकू नये. डब्याला खाली व वर भोके ठेवावीत, म्हणजे गार हवा खालून येते आणि गरम हवा वरून निघते. भोके तळव्याखाली झाकली जाणार नाहीत हे पाहावे. भोके नसतील तर छोटा पंखा आतलीच गरम हवा फिरवत बसतो.

उष्णता प्रोसेसरचीच असते असे नाही. दोन सेलचे ७.४ व्होल्ट ७८०५ या आयसीने ५ व्होल्टवर आणले, तर एका अँपिअरला २.४ वॅट वीज नुसती उष्णतेत जाते. पाय ४ ला तर त्याहून जास्त वीज लागू शकते. त्यापेक्षा बक कन्व्हर्टर घ्यावा. तो फार कमी तापतो.

सर्वांत जपायचे ते बॅटरीला. ती प्रोसेसरपासून दूर ठेवावी. ४५ अंशांच्या वर लिथियम बॅटरी चार्ज करू नये. विदर्भात उन्हाळ्यात दुपारी बाहेरची हवाच तेवढी तापते. तेव्हा चार्जिंग सकाळी लवकर करावे, मोठे माणूस जवळ असताना, फरशीवर ठेवून. गादीवर किंवा उशीखाली कधीच नाही. बॅटरी फुगली तर वापर तत्काळ थांबवावा. तिला दाबू नये, टोचू नये, घरच्या कचऱ्यात टाकू नये. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावी.

मुलांनो, वेग वाढवायच्या नादात सेटिंग बदलण्याआधी तापमान पाहा. ते तुमच्याच संगणकावर दिसते. अर्धा तास खेळून आकडा वहीत लिहा, एक बदल करा आणि पुन्हा लिहा. कोणता उपाय खरा, हे तुमची वहीच सांगेल.