पोफळीचा कोळेरोग पावसाआधीच रोखा



आषाढात चार दिवस झड लागते, अर्धा दिवस ऊन पडते आणि पुन्हा झड सुरू होते. अशा वेळी आगरात गेलात की पोफळीखाली नजर टाकावी. कोवळी हिरवी फळे पडलेली दिसली, तर त्यातले एक उचलून देठाकडची बाजू पाहावी. टोपीच्या कडेला पाणी मुरल्यासारखा गडद डाग आहे, फळाची चकाकी गेली आहे आणि एकदोन दिवसांत त्यावर पांढरी बुरशी चढते आहे, असे आढळले तर तो कोळेरोग समजावा. शेजारच्या कर्नाटकातही याचे नाव हेच आहे. कन्नडमध्ये 'कोळे' म्हणजे कुजणे.

सुपारीचा पैसा घरात वर्षातून एकदा येतो. मुलांची फी, घराची डागडुजी, दुकानाची उधारी या सर्वांचा हिशेब त्याच्यावर बसवलेला असतो. पंधरवड्यात घड रिकामे झाले, तर पुढचा हंगाम येईपर्यंत ती तूट भरून निघत नाही. फळे गळू लागल्यावर धावाधाव करून फारसे हाती लागत नाही. या रोगावरचे खरे काम मृगाच्या आधी करायचे असते, आणि त्यातले बरेचसे घरच्या माणसांना, थोड्या खर्चात करता येते.

रोग पसरतो कसा?

हा रोग 'फायटॉप्थोरा' नावाच्या सूक्ष्म जीवामुळे होतो. आपण त्याला बुरशी म्हणतो आणि तो दिसतोही तसाच. शास्त्रज्ञ मात्र आता त्याला खऱ्या बुरशीत धरत नाहीत, पाण्यातल्या शेवाळाच्या दूरच्या नात्यात धरतात. 1845 साली आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक कुजवून ज्याने दुष्काळ आणला, तो याच कुळातला.

याच्या बीजाणूंना दोन बारीक शेपट्या असतात. फळावर साचलेल्या पाण्याच्या पातळ थरातही ते पोहत जातात. पावसाचा थेंब रोगट फळावर आपटला की शिंतोड्यांबरोबर ते शेजारच्या घडावर आणि वाऱ्याच्या झोताने पुढच्या झाडावर पोहोचतात. सतत ओल, कोंदट हवा आणि 20 ते 23 अंश सेल्सियस तापमान त्यांना मानवते. आपला आषाढ-श्रावण नेमका असाच असतो.

उन्हाळ्यात हा रोग मरत नाही. गेल्या वर्षीचे काळे पडून वाळलेले घड शेंड्यात लटकत राहतात, त्यांत तो दडून बसतो. खाली पडलेल्या फळांत आणि मातीतही राहतो. म्हणजे आपल्याला दोन गोष्टी साधायच्या आहेत. रोगाचे बी आगरात ठेवायचे नाही आणि फळावर पाणी टिकू द्यायचे नाही.

आधी झाडलोट

मे महिन्यात, रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी, शेंड्यातले वाळके घड आणि सुकलेल्या झावळ्या उतरवून घ्याव्यात. रोगट घड जाळून टाकावेत. ते खताच्या खड्ड्यात टाकू नयेत, नाहीतर खताबरोबर रोगही आगरात परत येईल.

पावसाळ्यात पडलेली फळे रोज उचलावीत. हे काम घरातली वडीलधारी माणसे आणि मुलेही करू शकतात. उचललेली फळे आगरापासून दूर खड्ड्यात खोल पुरावीत. पाटात मात्र कधीही टाकू नयेत. तुमच्या पाटाचे पाणी खालच्या शेजाऱ्याच्या आगरात जाते, हे विसरू नये.

वारा आणि निचरा

पोफळींमध्ये 2.7 मीटर, म्हणजे सुमारे नऊ फूट अंतर ठेवण्याची शिफारस आहे. जुन्या आगरांत मिळेल त्या जागी रोपे लावलेली असतात. तेथे वारा खेळत नाही आणि सकाळचे ओले फळ दुपारपर्यंत ओलेच राहते. पावसाआधी आजूबाजूच्या झाडांच्या आडव्या फांद्या छाटून उजेड आत येऊ द्यावा.

भारी जमिनीत दर दोन ओळींमागे एक चर असावा. चर असला तरी तो गाळाने आणि पाचोळ्याने बुजलेला असतो. पहिल्या पावसाआधी तो उपसून घ्यावा आणि आळ्यांतले पाणी वाहून जाईल अशी वाट करून द्यावी.

घडाला टोपी

कर्नाटकातल्या मलनाडात घडांवर टोप्या बांधण्याची रीत फार जुनी आहे. पोफळीची विरी किंवा गवत वापरून केलेल्या या टोपीला तिकडे 'कोट्टे' म्हणतात. म्हैसूर संस्थानाच्या शेती खात्यातले शास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांनी 1910 साली कोळेरोगावर पुस्तिका प्रसिद्ध केली. त्याच्याही आधीपासून तिकडचे शेतकरी हा उपाय करत होते. फळावर पाणीच पडले नाही, तर बीजाणू पोहणार कशात?

आता विरीऐवजी प्लास्टिकची पिशवीही वापरतात. ती पावसाआधी, घड निरोगी असतानाच चढवावी. वरचे तोंड देठाशी घट्ट बांधावे आणि खालची बाजू मोकळी ठेवावी, म्हणजे आत वाफ कोंडत नाही. पाऊस सरल्यावर पिशव्या मोजून उतरवाव्यात. चांगल्या राहिलेल्या धुऊन पुढच्या वर्षी वापराव्यात. मोठ्या आगरात सर्व झाडांना टोप्या घालणे जमणार नाही. निदान दरवर्षी जिथून रोग सुरू होतो, त्या सखल आणि दाट कोपऱ्यातल्या झाडांना तरी घालाव्यात.

मिरीचे वेल सांभाळा

पोफळीवर चढवलेल्या मिरीलाही याच कुळातला रोग होतो. पानांवर काळे डाग पडतात, बुंधा मातीलगत कुजतो आणि हिरवागार वेल दोनतीन आठवड्यांत वाळून जातो. जमिनीवर लोळणाऱ्या फुटव्यांना चिखलाचे शिंतोडे आधी लागतात. म्हणून ते पावसाआधी छाटावेत किंवा वर बांधावेत. बुंध्याजवळ कुदळ चालवू नये, कारण जखमी मुळातून रोग सहज शिरतो. मेलेला वेल मुळासकट काढून जाळावा.

येथे त्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी कामाला येते. ती मातीत भराभर वाढते, रोगाच्या तंतूंना विळखा घालते आणि त्यांचा फडशा पाडते. एक किलो त्रायकोडर्मा पूड, 10 किलो निंबोळी पेंड आणि सुमारे 100 किलो चांगले कुजलेले शेणखत एकत्र करावे. पाणी शिंपडून सावलीत ढीग घालावा आणि ओल्या गोणपाटाने झाकावा. तीनचार दिवसांनी वरखाली करत राहावे. पंधरा दिवसांत खत तयार होते. पहिला पाऊस पडून जमीन ओलावली की वेलाच्या बुंध्याभोवती पसरावे आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुन्हा द्यावे. पूड विकत घेताना पाकिटावरची मुदत पाहावी. हे औषध मातीतले आहे. उंचावरच्या सुपारीच्या घडाचे रक्षण ते करणार नाही.

मिरीची नवी लागवड करायची असेल, तर कोझिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेची 'शक्ती' ही जात या रोगाला बऱ्यापैकी दाद देत नाही.

बोर्डोचा आधार

ज्या आगरात दरवर्षी रोग येतो, तेथे एवढ्यावर भागत नाही. तेथे एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. फ्रान्समधल्या बोर्डो भागात 1885 च्या सुमारास द्राक्षांसाठी हे मिश्रण पुढे आले. एक किलो मोरचूद 50 लिटर पाण्यात आणि एक किलो कळीचा चुना दुसऱ्या 50 लिटर पाण्यात विरघळवावा. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची घ्यावीत, लोखंडाची नकोत. चुन्याच्या निवळीत मोरचुदाचे पाणी हळूहळू ओतत ढवळावे. मग घासलेला विळा त्यात क्षणभर बुडवावा. पात्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना घालावा. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. पहिली फवारणी पावसाआधी आणि दुसरी 40 ते 45 दिवसांनी, उघडीप पाहून करावी. तांबे मातीत साठत जाते, म्हणून गरजेपेक्षा जास्त फवारू नये. ज्या बुंध्याला त्रायकोडर्मा दिले, तेथे त्याच सुमारास बोर्डो ओतू नये.

ओल्या पोफळीवर शेवाळ असते आणि पाय सटकतो. पाडेलीने नको म्हटले, तर त्या दिवशी त्याला झाडावर चढवू नये. गेलेली सुपारी पुढच्या वर्षी पुन्हा येईल.

शेवटी एवढेच सांगायचे की पाट आणि वारा यांना बांध-कुंपण माहीत नसते. एकाने आगर झाडून काढले आणि शेजाऱ्याच्या शेंड्यात काळे घड तसेच लटकत राहिले, तर दोघांचेही नुकसान ठरलेले. मे महिन्यात एक दिवस ठरवून वाडीतल्या सर्वांनी मिळून घड उतरवावेत आणि चर उपसावेत. ज्या घरात चढणारा माणूस नाही, त्यांचे आगर आधी करून द्यावे.