शेवटचे कडवे गाळू नका

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरपाठोपाठ, बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. गडचिरोली त्या वेळी चांदा जिल्ह्यातच होते; वेगळा जिल्हा झाला १९८२ साली. या जंगलपट्ट्यात जयंतीच्या रात्री पेटी-ढोलकीवर जी भीमगीते रंगतात, त्यांतली कितीतरी वामनदादा कर्डकांची. पण गाणाऱ्याला विचारा, गाणे कोणाचे? पुष्कळदा उत्तर येते, 'जुने आहे.'

कोण होते वामनदादा? १५ ऑगस्ट १९२२ चा जन्म, सिन्नर तालुक्यातले देशवंडी गाव. शाळा नाही, अक्षर ओळख नाही. मुंबईत मोलमजुरी करताना कुणीतरी पत्र वाचायला दिले आणि ते वाचता येईना, याची लाज या माणसाला इतकी झोंबली की तरुणपणी त्याने बाराखडी गिरवली, दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरे जोडली. १९४३ साली पहिले गाणे लिहिले. संसार टिकला नाही, लेक गेली. मग चळवळ हाच संसार! खांद्याला झोळी लावून हा कवी गावोगाव फिरला. 'वाटचाल', 'मोहळ' हे संग्रह निघाले, १९९३ साली वर्ध्याच्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही मिळाले. पण प्रस्थापित समीक्षेने त्यांना कवी म्हणून कितीसे मोजले? १५ मे २००४ रोजी दादा गेले.

अमेरिकेत काळ्यांच्या दुःखातून ब्लूज जन्मले. तिथला लेडबेली हा गायक तुरुंगात सापडला, १९४९ च्या डिसेंबरात मेला, आणि काही महिन्यांतच त्याचे 'गुडनाईट आयरीन' गोऱ्या गायकांनी गाऊन देशभर पहिल्या क्रमांकावर नेले. गाणे त्याचे, पैसा आणि टाळ्या दुसऱ्यांच्या.

आपल्याकडे निदान लुटणारा परका नाही, आपलाच आहे. वामनदादा शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव गुंफत. संतांच्या अभंगातल्या नाममुद्रेसारखीच ही सही. पण गायन पार्टी वेळ वाचवायला नेमके तेच कडवे गाळते, कॅसेटवाल्यांनी आवरणावर गायकाचा फोटो छापला, आणि आता डीजेला तर शब्दच नकोत! कडवे गेले की सही गेली.

येत्या १४ एप्रिलला जयंती मंडळांनी एवढे करावे. गायन पार्टीला सुपारी देताना अट घालावी: गाणे पूर्ण गायचे, आणि सुरुवातीला कवीचे नाव माईकवरून सांगायचे. याला वर्गणी लागत नाही.