झगा टाकला, जीव वाचला

मुलांच्या इंग्रजी पुस्तकात 'एस्केप' हे क्रियापद येते. अर्थ, निसटणे. त्याचे मूळ मोठे गमतीचे आहे. लॅटिनमध्ये 'एक्स' म्हणजे बाहेर आणि 'कप्पा' म्हणजे अंगावर घ्यायचा झगा. मागून कुणी झगा धरला, की तो त्याच्याच हाती सोडून माणूस पसार! फ्रेंचमार्गे हा शब्द सुमारे ७०० वर्षांपूर्वी इंग्रजीत आला.

मात्र मळणी यंत्र म्हणजे मागे लागलेला शिपाई नव्हे. त्याने धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर धरला, तर कपडा टाकून निसटायला क्षणाचीही सवड मिळत नाही. म्हणून यंत्रापाशी जाण्याआधीच सोगा, पदर घट्ट खोचून घ्या. सुटका तिथेच आहे.