खेळण्यातले गाव

गोडादऱ्यातील उंच गच्चीवरून टिल्ट-शिफ्ट भिंगाने रस्त्याचे छायाचित्र घेतले, तर साड्यांच्या गाठोड्यांनी लादलेले टेम्पो, रिक्षा व माणसे खेळण्यांसारखी भासतात. यात भिंगाइतकाच वाटा आपल्या मनाचाही असतो.

छायाचित्रात पुढेमागे जेवढा पट्टा रेखीव उमटतो, त्यास डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. पस्तीस मि.मी. फिल्मच्या कॅमेऱ्यावर ५० मि.मी.चे भिंग, एफ/२.८ छिद्र ठेवून अर्ध्या मीटरवरील वस्तूवर रोखले, तर हा पट्टा जेमतेम दीड सेंटीमीटरचा असतो. ५० मीटरवर रोखले, की सुमारे १९ मीटरपासून क्षितिजापर्यंत सारेच स्पष्ट! म्हणून पुढचे-मागचे धूसर दिसताच मन ठरवते, की वस्तू जवळ आहे, अर्थात लहान आहे. भिंग कलते केल्यास रेखीवतेचे प्रतल तिरके होते आणि दूरच्या दृश्यातही तशीच अरुंद पट्टी लाभते. ऑस्ट्रियाच्या थिओडोर शाइम्पफ्लुग यांनी १९०४ च्या सुमारास हे तत्त्व वापरले ते हवाई छायाचित्रांतील विकृती काढण्यासाठी. अचूकतेचे साधन भ्रमाच्या कामी आले, ही मौजच.

मात्र गाठोडे वाहणारा खानदेशी श्रमिक चित्रात बाहुला झाला, तरी त्याचे ओझे हलके होत नाही. छायाचित्रकाराने हे विसरू नये.

आता संगणकावरही वरचा-खालचा भाग धूसर करता येतो. परंतु चौकटीत उंच इमारत आली, की तिचा माथाही पुसला जातो व भ्रम मोडतो. तेव्हा गच्चीवरून सरळ समोर न पाहता खाली पाहावे.